सारथी मुळासकट

एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडमागच्या दुसऱ्या मजल्यावर, एक भोळा प्रोग्रामर नोकरीला लागला. नाव भगवंत ढेपे. सांगितलेलं ऐकायचा, आणि तेवढंच ऐकायचा.

त्या ऑफिसात सगळं काम 'सारथी'वर चाले. सारथी म्हणजे गजराज नावाच्या बड्या कंपनीचं प्रोग्राम लिहायचं साधन. भगवंताने दोन ओळी लिहिल्या आणि सारथीने पडदाभर पिवळे इशारे दाखवले. भगवंत घाबरला. संध्याकाळपर्यंत हात मांडीवर ठेवून बसला.

"अरे, ते पिवळं कायमचंच आहे," मालकीण कालिंदी मॅडम म्हणाल्या. "पिवळ्याकडे बघायचं नाही. सरळ पुढे जायचं."

"बरं मॅडम."

दुसऱ्या दिवशी जिन्यापाशी पिवळी पाटी होती. 'सावधान, फरशी ओली आहे.' भगवंत सरळ पुढे गेला. घसरत घसरत खालच्या टायपिंग क्लासच्या दारात पोचला.

"शहाण्या, समोर काही लिहिलेलं आलं की अक्षर न् अक्षर वाचावं! मगच पाऊल उचलावं."

"बरं मॅडम."

मग सारथीची नवी आवृत्ती आली. सुरुवातीला अटी होत्या. भगवंत वाचायला बसला. दूध संघाचं काम त्याच दिवशी द्यायचं होतं. चेअरमन येऊन, बसून, चिडून निघून गेले. भगवंत अजून पोटकलमांतच होता.

"अटी कुणी वाचतं का? ज्यांनी लिहिल्या त्यांनीही वाचल्या नसतील. 'मला मान्य आहे' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं!"

"बरं मॅडम."

तेवढ्यात चेअरमनांचा फोन आला. "तुमचं ऑफिस म्हणजे गाढवांचा बाजार आहे!"

"मला मान्य आहे," भगवंत म्हणाला आणि फोन ठेवून मोकळा झाला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आपण तक्रार केली की गजराजवाले काय म्हणतात? 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, पुढच्या आवृत्तीत पाहू.' असं गोड बोलावं रे!"

"बरं मॅडम."

झाडलोट करणाऱ्या सगुणामावशी ओरडल्या, "भगवंता, तुझ्या टेबलाखालून धूर येतोय!"

"मावशी, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. पुढच्या आवृत्तीत पाहू."

टेबल जळालं. मावशींनी मेन स्विच पाडला म्हणून भगवंत वाचला.

मॅडमचा आता आवाजच बसला होता. "त्रास दिसला की बोलत बसू नकोस. जे त्रास देतंय ते मुळासकट काढून टाक!"

"बरं मॅडम."

सोमवारी गजराजचे सरदेसाई साहेब आले. सारथीची मराठी आवृत्ती करायचं काम ते मॅडमना देणार होते. ते मिळालं तरच ऑफिस टिकणार होतं. साहेबांनी लॅपटॉप उघडून ठेवला. त्यात सारथीची मूळ प्रत होती. तिच्यात बदल केला की देशभर बदल होई.

"मोकळेपणाने सांगा, काय त्रास आहे?"

"उघडेपर्यंत चहा पिऊन होतो," ऑफिसातला एक जण म्हणाला.

"दर आवृत्तीत बटणं जागा बदलतात," दुसरी म्हणाली. "सापडेपर्यंत पुढची आवृत्ती येते!"

साहेब मान डोलावत पोहे खात होते. भगवंताला सगळ्यांची फार दया आली. तो काही न बोलता लॅपटॉपपाशी गेला आणि 'काढून टाका' हे बटण दाबलं. 'खात्री आहे का?' लॅपटॉपने विचारलं. भगवंताला खात्री होती.

देशभरातले सारथी एका दमात नाहीसे झाले. साहेबांची बशी कलंडली. मॅडम भिंतीला टेकल्या.

"काढलं मॅडम," भगवंत म्हणाला. "मुळासकट."

साहेबांचा फोन वाजू लागला. देशभरातून प्रोग्रामरांची मतं येत होती. साहेबांनी पहिलं उघडलं.

'नवी आवृत्ती फार आवडली. एकदाही अडकली नाही. पाच तारे.'