साळूच्या कपारीतलं रोप

मुलांनो, दूरच्या एका रानात, डोंगराच्या कपारीत एक साळू राहत असे. साळू म्हणजे अंगभर काटे मिरवणारं साळिंदर. काट्यांच्या धाकाने तिच्याकडे कोणी फिरकत नसे. पण कपारीच्या तोंडाशी, मातीच्या खळग्यात, मोठ्या पानांचं एक रोप वाढलं होतं. पानं कसली, हत्तीचे कानच! दुपारचं ऊन त्यांतून झिरपत आत येई आणि सगळी कपार हिरवी होऊन जाई. त्या उजेडात साळू पडून राही, अर्धी जागी, अर्धी झोपेत. तिला वाटे, आपण तळ्याच्या तळाशी आहोत आणि वरून पानं हळूहळू तरंगत चालली आहेत. जगात तिचं म्हणावं असं ते एवढंच होतं.

एके दिवशी एक पान पिवळं दिसलं आणि साळूच्या काळजात धस्स झालं. शेजारच्या झऱ्यातला बेडूक म्हणजे न विचारता सल्ला देणारा. तो म्हणाला, "साळूताई, पाणी घाला, पाणी! मी दिवसभर पाण्यातच बसतो, बघा कसा तुकतुकीत आहे!" झालं! साळूने नारळाची करवंटी तोंडात धरली आणि खेपा सुरू केल्या. सकाळी पाणी, दुपारी पाणी, तिन्हीसांजेला पुन्हा पाणी. पानं मात्र जास्तच मलूल झाली. पान झुकलं की साळू म्हणे, "अगं बाई, तहानलंय माझं लेकरू!" आणि पळे झऱ्याकडे. आठवडाभरात तीन पानं गळाली. उरलेल्या दोन पानांखाली बसून साळू ढसाढसा रडली.

तेवढ्यात चिखलातून एक गांडूळ धापा टाकत वर आलं. "साळूताई, आता पुरे करा! गुदमरून मला घर सोडावं लागलं. मुळं कुठे जाणार बिचारी?"

"अरे, पण ते तहानलं होतं ना!"

"तहानलेलं नाही, बुडतंय ते. खाली कातळ आहे, पाणी जाईल कुठे?"

साळू खजील झाली. तिने नखांनी खळग्याच्या कडेला पाट खणला, तसं तुंबलेलं पाणी वाहून गेलं. गांडूळ म्हणालं, "तुमचा एखादा गळलेला काटा मातीत खोचून बघत जा. ओला निघाला तर पाणी नाही. कोरडा निघाला तरच घालायचं."

मग आली खरी परीक्षा. काही न करता बसून राहायचं, हे महाकठीण काम! काटा रोज ओलाच निघे. साळूचे पाय झऱ्याकडे ओढ घेत, ती स्वतःला दटावून परत बसे. नवव्या दिवशी बेडकाने हाक मारली, "काय साळूताई, पाणी बंद? दगडाचं काळीज हो तुमचं!"

साळूने काटा उपसून पाहिला. अजून दमट होता.

"तहान तुम्हाला लागली असेल, बेडूकराव. त्याला नाही लागलेली," असं म्हणून ती डोळे मिटून पडली.

जाग आली तेव्हा रोपाच्या मधोमध एका कोवळ्या पानाची सुरळी हलकेच उलगडत होती. आनंदाने साळूचे डोळे भरून आले, तशी ती चटकन बाजूला सरकली. न जाणो, तेवढंही पाणी जास्त व्हायचं!

तात्पर्य : माया करावी, पण आधी समोरच्याची तहान ओळखावी.