मोरीपलीकडचं रान

"मग हे लावलं कुणी, तेवढं तरी सांगा!"

"कुणीच न्हाई, सायेब."

उपअभियंता शार्दूल कुंभोजे चिडले. ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडे त्यांच्या खात्यानं तीन वर्षांत तीनदा गुलमोहर लावला. तिन्ही वेळा वाळला. जगली ती फक्त वृक्षारोपणाची पाटी, मान्यवरांच्या नावांसकट. आणि मोरीच्या पलीकडे, त्याच रस्त्याला, त्याच मुरमात कमरेएवढं गवत, तरवडाची पिवळी फुलं, बोरी आणि पाखरांचा नुसता कलकलाट!

सोमवारी मोठे साहेब पाहणीला येणार होते. तोवर मोरीच्या दोन्ही अंगांना रस्त्याची कड खरवडून चौथ्यांदा गुलमोहर लावायचा, नाहीतर बदली ठरलेली. मोरीवर जेसीबी घुरघुरत उभाच होता. पण आधीचे अभियंते जाताना बजावून गेले होते, "रस्त्याकडेचं काही अडलं, तर अनसाबाईला विचार."

अनसाबाई म्हणजे तीस वर्षं याच रस्त्याचे खड्डे बुजवलेली मैलकुली. आता थकली होती, मोरीपलीकडच्या झोपडीत राहायची. कुंभोजे गवत तुडवत तिच्या दारात आले होते.

"खत कुठलं घातलंत?"

"न्हाई घातलं."

"पाणी?"

"मलाच हंडाभर मिळतंया."

"मावशी, मी पुण्यात शिकलोय. थापा नकोत."

म्हातारी खुदकन हसली.

"मग मोजा की. पहिल्या साली टाकळा आला. मग गवत. गवतात किडं, किड्यांमागं पाखरं. पाखरांनी बोर आणली..."

तिनं काठीनं बोरीची फांदी बाजूला सारली. आत गुडघाभर कडुनिंब उभा होता.

"काट्यात शेळीचं तोंड जाईना, म्हणून ह्यो वाचला."

"आणि माझ्या बाजूला?"

"तुम्ही दर साली खरवडताय. तुमच्याकडं दर साली पहिलंच साल."

कुंभोज्यांनी वळून पलीकडच्या उघड्या मुरमाकडे पाहिलं.

खाली पाहिलं तर पँट न् मोजे कुसळांनी भरलेले. पाय नुसते टोचत होते. वैतागून ते एकेक कुसळ उपटायला लागले.

"हां, हां! हितं नगं."

म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं, मोरी ओलांडली आणि त्यांना थेट गुलमोहराच्या वाळक्या काटक्यांमध्ये, उघड्या मुरमावर नेऊन उभं केलं.

"आता झाडा."

साहेबांनी पाय आपटले. बूट काढले, मोजे उलटे करून झटकले. जेसीबीचा ड्रायव्हर वरून फिदीफिदी हसत होता.

कुंभोज्यांनी वाकून पायाखालचं एक कुसळ उचललं. त्याच्या टोकाला गवताचं बी होतं.

मग तेही हसले. त्यांनी ड्रायव्हरला हात केला. इंजिन बंद झालं, तशी पाखरं जास्तच ऐकू यायला लागली.

"पण मावशी, सोमवारी मोठे साहेब येतील. त्यांना दाखवू काय?"

"त्यास्नी बी माझ्या गवतातनं चालत आणा."