समासातली ओळ

वर्षं मोजायला बसलं तर बोटं पुरणार नाहीत, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट.

एका खाडीच्या मुखाशी एक बंदर होतं. तिथल्या लोकांनी आपापली थोडी थोडी पुंजी एकत्र करून जहाजांची एक मंडळी उभी केली होती. मंडळीची जहाजं मीठ आणि नारळ घेऊन जात, आणि मसाले घेऊन परत येत. ज्याने जेवढी पुंजी घातली, तेवढे वाटे त्याच्या नावावर लागत. वाट्याची खूण म्हणून तांब्याची एक चकती मिळे. आज आपण ज्याला शेअर म्हणतो, तेच हे वाटे.

दर बाजाराच्या दिवशी वाट्याचा भाव पुकारला जाई. जहाज सुखरूप आलं की भाव चढे, वादळाची बातमी आली की उतरे. तो भाव कचेरीतल्या एका जाड बाडात लिहून ठेवत. केसोपंत नावाचे कारकून हे काम चाळीस वर्षं करत आले होते.

त्याच बंदरात वेणू नावाची एक लुगडी विणणारी बाई राहत असे. मोठी हुशार आणि हाताची चलाख. तिला वाचता येई, हिशेब तोंडपाठ. हे सगळं तिच्या थोरल्या बहिणीमुळे, द्वारकेमुळे. आई लवकर गेली होती. बाप मंडळीची जहाजं बांधणारा सुतार. तो जहाजावरून पडून गेला तेव्हा वेणू चार वर्षांची होती आणि द्वारका वीस वर्षांची. बापाने मागे वीस वाटे ठेवले, दोघी मुलींना दहा दहा. द्वारकेने लग्न केलं नाही. ती जहाजांची शिडं शिवत राहिली. तिला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण वेणूला तिने शिकायला घातलं, आणि सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. लग्नाआधी वेणूचे वाटे विकून तिने वेणूच्या नावावर एक छोटं घर घेतलं, पुढे माग मांडायला ऐसपैस पडवी असलेलं.

त्याला वीस वर्षं झाली. वेणूचा संसार चांगला चालला होता. चार पैसे गाठीला पडले, तेव्हा तिने ठरवलं की मंडळीचे वाटे घ्यायचे, पण आंधळेपणाने नाही. आधी जुने भाव बघायचे आणि मगच काय ते करायचं. ती कचेरीत गेली. केसोपंतांनी बाड तिच्यापुढे ठेवलं.

"सावकाश वाच, पोरी," ते म्हणाले. "हे बाड उद्याचं काही सांगत नाही, फक्त कालचं सांगतं. आणि कालचंही पुरतं कळायचं तर समासात बारीक अक्षरात लिहिलंय, तेही बघावं लागतं."

वेणूने मान हलवली, पण तिची नजर आकड्यांवरून धावत सुटली होती. पावसाळ्यात जहाजं नांगरून पडली की भाव खाली येतो, थंडीत वर जातो, हे तिने पहिल्या घटकेतच हेरलं. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. पानं उलटत ती मागे मागे गेली आणि आपल्या लग्नाच्या वर्षाशी येऊन थांबली.

लग्नाच्या महिनाभर आधी भाव ऐंशी होनांचा होता. पुढच्याच बाजारी तो चाळीस झालेला. आणि त्याच आठवड्यात अक्काने, म्हणजे द्वारकेने, वेणूचे वाटे विकले होते, हे तिला पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी घरात हळद कांडायला बायका जमल्या होत्या.

आठ दिवस आधी विकले असते तर दुप्पट आले असते. वेणूच्या मनात एकदा ही गोष्ट शिरली, ती निघेना. अक्का चौकशी करायला विसरली असेल, असं आधी वाटलं. मग वाटलं, तिला घाई झाली असेल, बहीण एकदाची उजवून मोकळं व्हायची. शेवटी शेवटी तर असंही वाटलं, की उरलेले पैसे कुठे गेले कुणास ठाऊक.

तिने थंडी सुरू व्हायच्या आधी एकशे दहाच्या भावाने तीन वाटे घेतले. आणि बहिणीकडे जायचं बंद केलं.

द्वारकेने नेहमीसारखं आवळ्याचं लोणचं पाठवलं. वेणूने बरणी रिकामीच परत केली. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे तिला माहीत होतं. तरी केली. महिन्याभराने पुन्हा बरणी आली, ती पण तशीच गेली. एकदा बाजारात द्वारका समोरून आली. हाक मारायला तिने तोंड उघडलं, तोच वेणू तोंड फिरवून बांगडीवाल्याकडे वळली.

असे आठ महिने गेले.

वाट्याचा भाव एकशे तीसवर पोचला होता. वेणू सुतासाठी पंधरा दिवस घाटावरच्या गावाला गेली आणि परत आली ती थेट बाजाराच्या दिवशी. कचेरीच्या ओट्यावर भाव पुकारला गेला. पासष्ट.

लुगडी विणून विणून साठवलेली पुंजी अर्धी झाली होती. आसपासची माणसं मात्र हसतखेळत उभी होती, आणि ते तिला अधिकच लागलं. ती कशीबशी कचेरीत गेली आणि केसोपंतांना म्हणाली, की आहेत ते वाटे आजच्या आज विकून टाका.

केसोपंतांनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग पेटीतून तांब्याच्या तीन नव्या चकत्या काढून तिच्या हातावर ठेवल्या.

"तुझे तीन होते ना? आजपासून सहा. वाटा फार महाग झाला होता, मासे विकणाऱ्या बाईला एकसुद्धा घेता येईना. म्हणून मंडळीने एकाचे दोन केले. एकाचा भाव अर्धा झाला, पण वाटे दुप्पट झाले. तुझं काही गेलं नाही. दवंडी पिटली होती, तू गावात नव्हतीस."

वेणूने चकत्या मोजल्या. सहा पासष्टं किती, हे तिला मनात करायलाही क्षण लागला नाही. जीव भांड्यात पडला. आणि लगेच, जीव भांड्यात पडतो न पडतो तोच, तिला बाडातले ते ऐंशी आणि चाळीस आठवले.

"पंत, असं आधी कधी झालं होतं?"

"एकदाच. तुझ्या लग्नाच्या सुमारास."

तिने बाड मागून घेतलं. ते पान काढलं. ऐंशीच्या खाली चाळीस होतं, आणि शेजारी समासात मुंगीएवढ्या अक्षरात ओळ होती: एका वाट्याचे दोन केले. केसोपंतांनी विक्रीची वही उघडून दाखवली. द्वारकेने त्या आठवड्यात वेणूचे दहा नव्हे, वीस वाटे विकले होते. आठशे होन. आणि खालीच नोंद होती, की ते आठशेच्या आठशे वेणूच्या घरापोटी दिले.

"आणि अक्काचे स्वतःचे?" वेणूने विचारलं. "तिचेही दहा होते. तिने कधी विकले?"

केसोपंतांनी लग्नाच्याही दहा वर्षं मागचं पान काढलं. त्या वर्षी दोन जहाजं वादळात बुडाली होती आणि भाव वीस होनांवर आला होता. सगळ्या बाडात इतका खालचा भाव दुसरा नव्हता. ज्यांना थांबता आलं, ते सगळे थांबले होते. विक्रीच्या वहीत त्या आठवड्यात एकच नाव होतं, द्वारकेचं.

"मी तिला म्हटलं होतं, थोडी कळ काढ, भाव वर येईल," केसोपंत म्हणाले. "ती म्हणाली, ताप कळ काढत नाही. तू सहा वर्षांची होतीस. दोन महिने अंथरुणाला खिळली होतीस. खाडीपलीकडून वैद्य आणायचा होता. मी म्हटलं, मग धाकटीचे वाटे विक, औषध तिच्यासाठीच आहे. ते तिला पटलं नाही."

वेणू उठली आणि बाजारातून, माणसांतून, वाट मिळेल तशी बहिणीच्या घराकडे निघाली.

द्वारका दाराशी बसली होती. मांडीवर शिडाचं कापड होतं, पण सुई नव्हती. पावलं ऐकून तिने मान वर केली आणि विचारलं, "कोण आहे?"

वेणू चार हातांवर उभी होती. भर उजेडात.

"अक्का, मी."

"वेणू? ये, आत ये. डोळ्यांनी दगा दिलाय गं या उन्हाळ्यापासून. नुसतं धुकं दिसतं."

वेणू तिच्या पायाशी बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं, बाडातला आकडा, मनात आलेला संशय, अगदी शेवटचा घाणेरडा संशयसुद्धा. रिकाम्या बरण्या मी मुद्दाम पाठवल्या, असंही सांगितलं.

"मला वाटलं, तुझ्या घरात काही नसेल," द्वारका म्हणाली. "म्हणून तर पुन्हा भरून पाठवली."

"वाट्यांचं मला कधी का नाही सांगितलंस? इतक्या पडत्या भावात विकलेस."

द्वारकेने चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि केसांवरून हात फिरवला.

"पडता कसला? तू तापातून उठून पेज मागितलीस ना, तेव्हा मला तो भाव फार चांगला वाटला होता."

त्याच दिवशी वेणूने बहिणीला आपल्या घरी आणलं. पुढे पुष्कळ वर्षं दोघी त्या पडवीत बसत. एकजण विणत असे आणि दुसरी मागाचा आवाज ऐकत असे. वाटे घेऊ बघणारी माणसं वेणूकडे जुने भाव समजून घ्यायला येत, आणि ती आकडा सांगायच्या आधी त्या वर्षी बंदरात काय घडलं होतं ते सांगे. पण द्वारकेची नजर काही परत आली नाही. वेणूचा चेहरा तिने स्वच्छ असा शेवटचा पाहिला, तो बाजारात, फिरवलेला. वेणूने पुढे कितीही सेवा केली, तरी ते आठ महिने तिला भरून देता आले नाहीत.

म्हणून, बाळांनो आणि मोठ्यांनो, गेलेल्या दिवसाचा आकडा वाचताना त्या दिवशी काय घडलं होतं तेही वाचावं, आणि आकड्यामागे आपलं माणूस असेल तर आधी त्यालाच विचारावं.