राजांची पाचवी शेगडी

चौथी शेगडीही तडकली, तेव्हा तिवरगडचे राजे अमृतराव भडकले. राजांना नाद एकच. राजवाड्यामागच्या बागेत स्वतःच्या हाताने कणसं, वांगी, मटण भाजायचं आणि दरबाऱ्यांना खाऊ घालायचं. पण वर्षभरात चार शेगड्या निकालात निघाल्या होत्या. एकीचा तळ गंजून गळाला, एकीची जाळी वाकली आणि उरलेल्या दोघींना मधोमध भेगा गेल्या.

राजांनी सात व्यापाऱ्यांच्या सात नव्याकोऱ्या शेगड्या बागेत मांडून घेतल्या आणि निंबाजीला बोलावलं.

“यातली दहा वर्षं टिकणारी शेगडी निवड,” ते म्हणाले. “नुसतं सांगून चालायचं नाही. ती दहा वर्षं टिकते, हे मला उद्या दुपारी डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर तुझी नोकरी गेली आणि बागेतलं घरही गेलं.”

निंबाजी हा शेगडीत कोळसे घालणारा नोकर. एवढं मोठं काम त्याच्याच गळ्यात का पडावं? तर आदल्या दिवशी मुदपाकखान्यात ताक पिता पिता त्याने मिशीवर ताव देत सांगितलं होतं, की शेगडीतलं काही विचारायचं तर मला विचारा. नेमके राजे दाराशी उभे होते. निंबाजीचं तोंड असं अधूनमधून त्याच्या परवानगीशिवाय चालायचं, आणि निस्तरायला मात्र तोच असायचा.

मग काय, तो सातही शेगड्यांभोवती फिरला. वैद्यबुवा नाडी बघतात तशी त्याने एकेकीची कड चाचपली, टिचकी मारून आवाज ऐकला, ‘हं’ केलं. सातही व्यापारी श्वास रोखून बघत होते. त्या ‘हं’मध्ये काही नव्हतं, हे फक्त निंबाजीला ठाऊक होतं. वीस वर्षं शेगडीसमोर बसून आपल्याला कळलं काय, तर कोळसा काळा असतो! तो मनातून खजील झाला आणि घरी न जाता सरळ वेशीकडे चालू लागला. घरी बायको भांडीकुंडी बांधायला लागली असणार.

वेशीत चांगुणाबाई कणसं भाजून विकायची. समोर काळीकुट्ट शेगडी रसरसत होती. निंबाजीने एक कणीस घेतलं, दुःख सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. शेगडीच्या पायावर तीन टिंबांची खूण होती. राजांच्या तडकलेल्या शेगडीवरही हीच खूण! एकाच कारागिराचं काम.

“ही कधी घेतली, चांगुणाबाई?”

“माझ्या लग्नाच्या साली. एकोणीस वर्षं झाली, दादा.”

“आणि आमची दोन महिन्यांत गेली! तू हिला करतेस तरी काय?”

तिने सांगितलं, की काहीच नाही. निखारे आपोआप विझू द्यायचे, सकाळी राख काढायची, तेलाचं फडकं फिरवायचं आणि पावसात आडोशाला ठेवायची. मग तिने विचारलं, तुम्ही कशी विझवता?

निंबाजीने मोठ्या ऐटीत सांगितलं. भाजणं संपलं की राजे चांदीचा तांब्या उचलतात आणि लाल शेगडीवर उंचावरून पाणी सोडतात. चर्र आवाज होतो, वाफेचा ढग उठतो, आणि सगळे दरबारी ‘वाहवा’ करतात. “तांब्या मीच भरून देतो,” तो अभिमानाने म्हणाला. “वाहवाही माझीच सगळ्यांत मोठी असते.”

“तापल्या लोखंडावर गार पाणी? तडकणारच की, दादा!” चांगुणाबाई म्हणाली. निंबाजीने कणीस खाली ठेवलं. शेगडीचा मारेकरी इतकी वर्षं रोज आरशात दिसत होता, आणि हा बाबा त्याच्या मिशीला तेल लावत होता!

आता कारण कळलं, पण ते राजांना सांगायचं कोणी? राजे रागाला पक्के, आणि आपण तर गुन्ह्यात भागीदार.

दुसऱ्या दिवशी दुपारी निंबाजी चांगुणाबाईची शेगडी डोक्यावर घेऊन बागेत आला. दरबारी नाकाला शेले लावून हसले.

“ही दहा वर्षं टिकेल?” राजांनी विचारलं.

“एकोणीस टिकलीये, महाराज. चांगुणाबाईचं लग्न लावलेले भटजी साक्षीला आणलेत.”

राजांनी वाकून खूण पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. “ही तर माझ्याच शेगडीची बहीण. मग माझी का तडकली?”

निंबाजीने बाईची रीत सांगितली. विझवायचं कसं, राख कधी काढायची, सगळं सांगितलं. पाण्याचं नाव त्याने काढलं नाही. पण राजांचा चेहरा लाल होत गेला.

“म्हणजे शेगड्या मी फोडल्या, असं म्हणायचंय तुला?”

निंबाजीच्या डोळ्यांसमोर राहतं घर आलं. पण तोंड, सवयीप्रमाणे, पुढे निघालं होतं.

“एकट्याने कुठे, महाराज? पाणी ओतलं आपण, भरून दिलं मी, आणि वाहवा केली या तीस जणांनी. बत्तीस शहाणे मिळून एका शेगडीच्या मागे लागलो, तरी ती बिचारी दोन महिने टिकली. एवढी मजबूत शेगडी तर आपल्याकडे होतीच!”

मग राजे हसले. हसता हसता खाली बसले, डोळे पुसले आणि पुन्हा हसले. दरबाऱ्यांनी आधी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, आणि मगच हसले.

राजांनी चांगुणाबाईला सातांतली हवी ती शेगडी दिली आणि वर लुगडंचोळी केली. जुनी शेगडी बागेत ठेवून घेतली. निंबाजीच्या बोटात स्वतःची अंगठी घातली, बागेतलं घर कायमचं त्याच्या नावे केलं आणि भर दरबारात हुकूम काढला, की शेगडीपाशी राजाचा हात धरण्याचा अधिकार आजपासून निंबाजीला आहे.

त्याच संध्याकाळी निंबाजीला तो अधिकार दोनदा वापरावा लागला.