दहा नंबरचा वाढपी

“म्हणजे चूक माझीच, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

यशोधन सरनोबतचा आवाज चढला. मठाच्या पडवीत पानं मांडणाऱ्या बायांनी माना वळवल्या.

गोदाआक्का पत्रावळींवर पाणी शिंपडत होत्या. शिंपडतच राहिल्या. गुरुमहाराजांच्या मागे मठ त्यांनीच सांभाळला होता, आणि रागावून येणारी माणसं त्यांना नवी नव्हती.

“मी अजून काही म्हटलंच नाही रे. अर्धा तास झाला, तू मला बोलू कुठं दिलंस?”

यशोधन रग्बी खेळायचा, पोटापाण्यासाठी. बारा वर्षं एकाच संघात, त्यातली पाच वर्षं कप्तान. आता, डेन्झिल नावाचा गडी जायबंदी झाल्यावर, संघातल्या मुलांनी लेखी कळवलं होतं, याच्या हाताखाली आम्ही खेळणार नाही. सोमवारी बैठक होती. “एकदा आक्कांच्या पायावर डोकं ठेवून ये रे बाबा,” म्हणून आईनं हात जोडले, तेव्हा तो चार तास गाडी हाकत आला. त्याला आशीर्वाद हवा होता, कप्तानपद टिकण्याचा. उपदेश नको होता.

“पुन्हा सांग. तू तिथं करतोस काय?”

“तिसऱ्यांदा सांगतोय, आक्का!” त्यानं कपाळाला हात लावला. “मी दहा नंबर. घोळक्यातून चेंडू सुटला की आधी माझ्या हातात येतो. मग तो कुणाला द्यायचा, कधी द्यायचा, की लाथेनं पुढं उडवायचा, ते मी ठरवतो.”

“अस्सं. म्हणजे वाढपी.”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. यशोधनचे कान लाल झाले.

“आणि त्या डेन्झिलचं काय झालं म्हणालास?”

“तो माझ्या शेजारी खेळतो. समोरच्या संघाचे दोन धिप्पाड गडी माझ्या अंगावर धावून आले; चेंडू ज्याच्या हातात, त्यालाच आडवं करतात. मी चेंडू त्याला दिला. अगदी छातीवर, इंचभर इकडं नाही की तिकडं नाही. तर हा बघतोय भलतीकडं! चेंडू हातात आणि गडी अंगावर, एकदमच. खांद्याचं हाड मोडलं.”

“आणि तुझं?”

“माझं? बारा वर्षांत एक हाड मोडलेलं नाही, आक्का.”

आक्कांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

“बस पानावर.”

“मी जेवायला नाही आलो हो!”

“बस म्हटलं ना!”

तो बसला. पानांवर भात पडला. आमटीचं तपेलं घेऊन आक्का स्वतः पंगतीत उतरल्या. चुलीवरून नुकतंच उतरलेलं, डावा हात खाली, मध्ये पातळसं फडकं. जो तो बोटांनी भातात आळं करी, आक्का त्यात ओगराळंभर आमटी ओतत आणि पुढं सरकत.

यशोधनच्या पानाशी त्या थांबल्या.

तो शेजारच्या सुतारकाकांना सांगत होता, मुलं कशी बेइमान निघाली, त्यांना चेंडू धरायला त्यानंच कसं शिकवलं. भाताचा ढीग तसाच होता.

आक्का उभ्या.

तो बोलत होता.

“अहो पाव्हणं,” काकांचा धीर सुटला, “आळं करा की आधी! तुमच्या कप्तानपदापायी आमची आमटी अडलीय.”

“वाढा हो आक्का, थांबलात कशाला?” यशोधननं वैतागून वर पाहिलं.

फडकं कधीच घसरलं होतं. आक्कांचा पंजा लालबुंद झाला होता. तपेलं मात्र कललं नव्हतं.

त्यानं घाईनं भातात आळं केलं. आक्कांनी त्यात आमटी ओतली. बाहेर थेंबही सांडला नाही.

...

“आक्का,” त्याचा आवाज त्या दिवसात पहिल्यांदा खाली आला, “ओतून मोकळं व्हायचं होतं.”

“तुझं आळं कुठं झालं होतं?”

“पण हात भाजला ना तुमचा...”

आक्का काकांच्या पानाकडं वळल्या.

“तपेलं माझ्या हातात होतं, लेका. मग भाजायचं कुणाला?”