नऊ आचारी आणि मिठाची मूठ

“ही आमटी आहे की समुद्र?”

बलभीमराजा पानावरून उठला, तो थेट घागरीलाच तोंड लावून पाणी प्यायला. एक घागर संपली. दुसरी संपली. मग तो गरजला, “बोलवा त्या आचाऱ्यांना!”

राजकन्येच्या बारशाची पंगत होती. गावातल्या आचारी मंडळाचे नऊ पंच झाडून स्वयंपाकाला होते आणि तिथंच घोटाळा झाला होता. “बाकीच्यांना मिठाचं काय कळतंय!” असं मनात म्हणत प्रत्येकानं गुपचूप एकेक मूठ मीठ आमटीत टाकलं होतं. नऊ पंच, नऊ मुठी!

“कुणी टाकलं एवढं मीठ?” राजानं विचारलं.

“यानं!” नऊ जणांनी नऊ दिशांना बोटं दाखवली.

“मी टाकलं, पण आधी पिराजीनं टाकलं,” थोरले व्यंकूआबा म्हणाले.

“टाकलं, पण बेतानं!” पोट सावरत पिराजी ओरडला.

“बेतानं? पण तुझी मूठ म्हणजे सूप आहे, सूप!” सोनबा म्हणाला.

“बास!” राजानं कान झाकले. “तुमच्या तोंडून ‘पण’शिवाय काही निघतं का? उद्या दुपारची नौबत वाजायच्या आत तुम्ही नऊ जणांनी एकमुखानं एक ठराव करायचा. कसलाही करा. नाही जमला तर मंडळ मोडीत, आणि मंडळाची सगळी भांडी सरकारजमा!” मग त्याची नजर दाराशी गेली. तिथं एक पोरसवदा बाई कडेवरच्या लेकराला पेज भरवत गप्प उभी होती. “ती कोण? एवढ्या गोंगाटात ती एकटीच गप्प आहे. आजपासून तीच मंडळाची म्होरकी!”

ती होती भिवरा. तिच्या नवऱ्याचा हात कढईतल्या तेलानं पोळला होता, म्हणून ती त्याच्या जागी वाटणघाटणाला आली होती. मंडळाची भांडी गेली तर लग्नामुंजीची कामं कशात करायची? आणि कामं गेली तर कडेवरच्या ठकीच्या पेजेला तांदूळ कुठून आणायचे?

तिनं तिथंच बैठक भरवली. आधी सोप्यात सोपं विचारलं, “सूर्य पूर्वेला उगवतो. मान्य?”

“मान्य, पण थंडीत जरा सरकून उगवतो,” व्यंकूआबा म्हणाले.

“बरं, आपण सगळे आचारी आहोत. हे तरी मान्य?”

“पण सोनबाला कसला आचारी म्हणायचं?” पिराजी म्हणाला, आणि झाली पळी-पळीची लढाई सुरू!

भिवरा तोंड पाडून घरी आली. नवरा हाताला कोरफड बांधून बसला होता. तीन दिवस त्याला उठून पाणीही घेववत नव्हतं. त्यानं बसल्या बसल्या सांगितलं तसं भिवरानं चुलीवर पिठलं टाकलं. तेवढ्यात शेजारची काशाक्का आली आणि बोलता बोलता चुलीवरचं पिठलं ढवळू लागली. नवरा ताडकन उठून ओरडला, “अक्का, पळीला हात लावू नका!”

भिवरा त्याच्याकडे बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की ठकीही उगाचच हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं राजाला भटारखान्यातच बोलावलं. मोठा तांब्याचा हंडा चुलीवर चढला. तिनं एकेकाला एकेकच काम दिलं. व्यंकूआबांना फोडणी, पिराजीला डाळ, सोनबाला चिंच, कुणाला गूळ, कुणाला खोबरं. ज्याचं काम त्यानंच करायचं, दुसऱ्यानं फिरकायचं नाही. काय सांगू, तासाभरात आमटीचा घमघमाट गावाच्या वेशीपर्यंत गेला! नऊ जण हंड्याभोवती असे उभे राहिले, जणू पोटचं पोरच पाळण्यात निजलंय.

“वास झकास आहे,” राजा मिशीत हसत म्हणाला. “पण ठराव कुठाय? नौबतवाला टिपरू उचलून उभा आहे हं!”

“एवढं मीठ राहिलंय बघा, महाराज,” भिवरा अगदी गरीब आवाजात म्हणाली. “कुणी टाकायचं यावर यांचं जमेना. तुम्ही सगळ्यांचे धनी. तुमच्याच हातानं होऊन जाऊ दे!”

“त्यात काय मोठंसं!” राजानं बाह्या सरसावल्या. मिठाच्या रांजणात हात घातला. पिराजीची मूठ सूप असेल, तर राजाची मूठ टोपली होती! ती काठोकाठ भरून त्यानं हंड्यावर नेली...

“महाराज, मीठ टाकू नका!”

नऊ गळ्यांतून एकच आवाज! छपरावरची कबुतरं उडाली.

“काय म्हणालात?” राजाचे डोळे मोठे झाले.

“मीठ टाकू नका!” पुन्हा तेच नऊ गळे. एकाच्याही तोंडी ‘पण’ नाही!

“झाला ठराव, महाराज!” भिवरानं पळी वर केली. “राजानं आमटीत मीठ टाकू नये. बाजूनं नऊ, विरुद्ध कुणी नाही!”

त्याच क्षणी नौबत वाजली.

“वा गं वा! विरुद्ध कुणी नाही कसं?” राजा मूठ तशीच धरून म्हणाला. “मी आहे ना विरुद्ध!”

“तुम्हाला मत नाही, महाराज. आमच्या मंडळात बसायचं, तर आधी सात वर्षं लसूण सोलावा लागतो!”

राजा आधी लाल झाला. मग त्याची मिशी थरथरली, आणि तो असा काही हसू लागला, की मुठीतलं सगळं मीठ त्याच्याच पायांवर सांडलं. “जिंकलीस, म्होरकी! मंडळ राहिलं, भांडी राहिली. आता तुला काय हवं ते माग. सोनं देऊ? शालू देऊ?”

भिवरानं नऊ पंचांकडे पाहिलं. त्यांतले तिघे आत्ताच रांजणाकडे सरकत होते.

“महाराज,” ती घाईघाईनं म्हणाली, “आधी मिठाच्या रांजणाला एक कुलूप द्या. सोनं मग बघू!”

राजा हसून हसून खालीच बसला. त्यानं कुलूपही दिलं, शालूही दिला, आणि किल्ली ओवायला सोन्याची साखळीसुद्धा दिली.