काम नसलेला पाहुणा

एका विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे केळशीकर नावाचे स्वीय सहायक होते. बोलण्यात साखर पेरून, आलेल्या माणसाला वाटेला लावावे तर त्यांनीच. साहेबांचा वेळ ते तळहाताच्या फोडासारखा जपत. येणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘काम काय आहे?’’ उत्तर वजनदार नसेल, तर साहेब मीटिंगमध्ये असत. कारकून गमतीने म्हणत, ‘‘साहेबांपेक्षा त्यांच्या दाराचा मान मोठा.’’ केळशीकरांना ते ऐकून मनातून बरे वाटे.

एका सोमवारी कुलगुरू स्वतः आले आणि आत न जाता दारासमोरच्या बाकावर बसले.

‘‘केळशीकर, साहेबांना भेटायचं होतं.’’

केळशीकर हसले. ‘‘साहेब, आत कोणी नाही.’’

‘‘इतरांना सांगता तेच सांगा.’’

केळशीकर अडखळत म्हणाले, ‘‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’’

‘‘मग बसतो.’’

आणि ते खरेच बसले. पंख्याचा वारा त्या बाकापर्यंत पोहोचत नव्हता. चहाचा ट्रे समोरून आत गेला, तसाच बाहेर आला. प्राध्यापक दबकत येऊन पाहून जात. काय बिनसले असावे, हे केळशीकरांना उमगेना.

दुपार कलल्यावर कुलगुरूंनी त्यांना शेजारी बसवून घेतले.

‘‘काल गावी गेलो होतो. माझे शाळेतले गुरुजी चैत्रात इथे येऊन गेले म्हणे. याच बाकावर बसले होते.’’

केळशीकरांना आठवले. धोतर, छत्री, जाड भिंगांचा चष्मा. काम विचारले तेव्हा म्हातारा संकोचाने म्हणाला होता, ‘‘काम असं काही नाही.’’ मग काय, साहेब मीटिंगमध्ये होते.

‘‘त्यांची दृष्टी जात चालली होती. आपला विद्यार्थी या खुर्चीत बसलेला एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच इच्छा. काल त्यांनी माझा चेहरा हातांनी चाचपला. म्हणाले, बारीक झालास.’’

केळशीकर म्हणाले, ‘‘साहेब, चूक माझी.’’

‘‘तुम्ही माझा वेळ राखलात, आणि त्याबद्दल मी तुम्हाला शाबासकीच देत आलो. तो कुणासाठी राखायचा, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. केळशीकर, ज्याचं काम असतं तो हेलपाटे घालतो, भांडतो, पण पुन्हा येतो. ज्याचं काम नसतं तो केवळ आपल्यासाठी आलेला असतो. त्याला एकदा परत पाठवलं, की तो पुन्हा येत नाही.’’

 केळशीकर हळूच म्हणाले, ‘‘मी जाऊन त्यांना घेऊन येऊ का?’’

‘‘आणा. दिसणार तर नाही. पण बसतील घटकाभर.’’

त्याच आठवड्यात केळशीकर गुरुजींना हाताला धरून जिना चढवत घेऊन आले. दालनाशी पोहोचताच गुरुजी थबकले. हाताने चाचपडत त्यांनी बाक शोधला आणि त्यावर अंग चोरून बसले.

‘‘मी इथं थांबतो,’’ ते म्हणाले. ‘‘साहेब मीटिंगमध्ये असतील.’’

 केळशीकरांनी पुढे होऊन दार सताड उघडले. त्या दिवसापासून नव्या माणसाला ते आधी पाणी विचारतात, काम मागाहून.